आमचे गटविकास अधिकारी

"पाणी आहे का?" असं कुणी विचारलं, की ते "आहे" म्हणायचे आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचे. विचारणारा तहानलेला तिथंच उभा. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात यायचं, की आपण 'द्या' असं म्हटलंच नाही. मग तो म्हणायचा, "अहो, प्यायला द्या की राव!" तेव्हा ते लगेच उठायचे, फुलपात्र विसळायचे, माठातलं पाणी भरायचे आणि अगदी अदबीनं पुढं करायचे. वर म्हणायचे, "मागितलं की मिळतं. पण मागावं नीट."

आळेफाट्याला, चौकापासून जरा पुढं, एका हॉटेलच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. खाली मिसळीचा कट उकळायचा आणि शेजारच्या गॅरेजात दिवसभर ट्रकांची चाकं उतरायची. केसांत तर्रीचा वास आणि कानांत हातोडा घेऊनच मी रोज संध्याकाळी महाळुंगे पडवळला घरी परतायची. जुन्नर-आंबेगावातल्या दुकानांचा माल एका ॲपवर दाखवायचा, लोकांनी तो घरबसल्या मागवायचा आणि प्रवासी जीपवाल्यांनी गावोगाव पोचवायचा, अशी आमच्या मालकांची कल्पना. मालक मूळचे टोमॅटोचे व्यापारी. टोमॅटोचा भरवसा नाही म्हणून त्यांनी हे काढलं होतं. दुकानदारांना फोन करायचे आणि त्यांच्याकडचा माल कॉम्प्युटरात भरायचा, हे माझं काम. "सूनबाई कॉम्प्युटरवर आहे," असं आमच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. 'शेरडू झाडावर आहे' हे ज्या काळजीनं सांगावं, त्या काळजीनं.

आणि हे गृहस्थ त्या मालाचे गट पाडायचे. डाळी एका गटात, तेलं एका गटात, त्याच्या पोटात खायची तेलं वेगळी, डोक्याची वेगळी. म्हणून आम्ही त्यांना पाठीमागं 'गटविकास अधिकारी' म्हणायचो. घाईत असलो तर नुसतं 'बीडीओ'. तोंडावर 'सर'. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा चहा पिताना सहज म्हणाले, "अधिकारी म्हणता ते ठीक आहे ताई, पण निदान विकास तरी होऊ द्या."

ते जुन्नरचे. वडिलांचं बाजारपेठेत कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, रिबिनी, सुया, टिकल्या, चापे. लहानपणी दुकानातल्या खणांपुढं बसून बसून गट पाडायचं खूळ डोक्यात शिरलं असावं. पुढं शिकले, पुण्यात कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत बरीच वर्षं काढली. आई आजारी पडली म्हणून रजा घेऊन जुन्नरला आले. आई बरी झाली, हे मात्र राहिले. आई म्हणे म्हणायची, "मी बरी झाले, आता तू कधी बरा व्हतो?"

कारण खूळ नुसतं ऑफिसपुरतं नव्हतं. घरी भाभींच्या मसाल्याच्या डब्यांची त्यांनी अशी काही रचना करून ठेवली होती, की भाभींना स्वतःच्या स्वयंपाकघरात हळद शोधायला नवऱ्याला फोन करावा लागायचा. "मुळं आणि कंद बघ," असं हे इकडून सांगायचे. एसटीत चढले की नारायणगावला उतरणारे पुढं आणि मंचरचे मागं बसले तर उतरताना किती सोपं जाईल, हे ते कंडक्टरला समजावून सांगायचे. कंडक्टर त्यांना कोणत्या गटात टाकायचा, ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझ्या डब्यात एकदा मटकीची उसळ होती. मी त्यांच्या पानात वाढली, तर चमचा हातात धरून म्हणाले, "हे कडधान्य खरं. पण मोड आले, म्हणजे अर्धी भाजी झाली. आता हे कुठं ठेवायचं?"

"तोंडात ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी ठेवलं. चावता चावता म्हणाले, "दोन्हीकडं ठेवता येतं. एक वस्तू दोन गटांत राहू शकते. जशा तुम्ही. सासरच्या आणि माहेरच्या."

माणसांना समजावून सांगायची त्यांना हौस होती, पण सांगायची रीत अशी. एपीआय म्हणजे काय, हे मला त्यांनीच शिकवलं. आमच्या ॲपची सगळी यादी लांब कुठंतरी, आम्ही कधी न पाहिलेल्या एका कॉम्प्युटरात असायची. तिथं माल कसा मांडायचा हे इथून सांगायचं, ते एपीआयमधून. "एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी बघितलीत ना? तसंच," ते म्हणाले. "आत डोकवायचं नाही, आतल्या माणसाशी गप्पा मारायच्या नाहीत. ठरलेल्या शब्दांत विचारायचं. 'नवा गट बनव.' 'ह्या वस्तू त्यात टाक.' 'हा गट त्या गटाच्या पोटात ठेव.' आतून उत्तर येतं. झालं, तर झालं. नाही, तर नाही."

"आणि खिडकीतला माणूस खेकसला तर?"

"हा खेकसत नाही. म्हणून तर मला एसटीपेक्षा हा आवडतो."

त्या न दिसणाऱ्या खिडकीशी ते ज्या अदबीनं वागायचे, तेवढ्या अदबीनं मी लग्नातसुद्धा वागले नव्हते. काही पाठवायचं झालं की आधी शर्टाचं वरचं बटण लावायचे, ताठ बसायचे, "बिस्मिल्ला" म्हणायचे आणि मग बोट दाबायचे. उत्तर आलं की मान लववून "शुक्रिया." मीही शेजारी बसल्या बसल्या मनातल्या मनात हात जोडायची. उगाच कुणाच्या देवाची गैरसोय नको.

त्यांच्या संगतीनं मीही बिघडत चालले होते. एकदा घरी नवऱ्यानं विचारलं, "चहा आहे का?" मी म्हटलं, "आहे," आणि मेथी निवडत राहिले. तो बराच वेळ माझ्याकडं बघत उभा राहिला. मग आपल्या लेकीला म्हणाला, "तुझ्या आईची दृष्ट काढा कुणीतरी."

'गट' या शब्दानं मात्र माझा पार जीव घेतला. मी दुकानदारांना फोन करून विचारायची, "भाऊ, तुमच्या मालाचे गट सांगा." आळ्याचा एक लोखंडी अवजारांचा दुकानदार म्हणाला, "गट नंबर सांगतो, पन सातबाऱ्यावर भावाचं बी नाव हाय, तवा आधी त्याला इचारा." घोडेगावच्या एका किराणावाल्यानं आवाजच खाली आणला. "म्याडम, आमी कुठल्याच गटाचे नाय बरं का. दुकान हाय, दोन्हीकडं माल द्यावा लागतो. तुमी कुनाकडून बोलताय?" एक बाई तर रडायलाच आली, की आमचा बचत गट कधीच मोडला, आता हे मागचं उकरून काढू नका. मी हे सगळं सरांना सांगितलं. ते मुळीच हसले नाहीत. म्हणाले, "शब्द एक आणि घरं चार. हे फार वाईट." आणि कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी लिहून तो खिशात घातला. ते चिठोरे रोज भाभी धुण्यात धुवायच्या, त्यामुळं त्या विचारांचं पुढं काय झालं ते कळलं नाही.

'इतर' या शब्दावर त्यांचा दात होता. एकदा ते रजेवर असताना मी एक गट बनवला आणि ज्याचं काय करावं कळेना ते सगळं त्यात लोटलं. उंदराचा पिंजरा, राख्या, बैलाच्या गळ्यातले घुंगरू, वजनकाटा, गणपतीचं मखर. वर नाव दिलं 'इतर'. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पाहिलं आणि सरळ पिशवी उचलून घरी निघाले. मी मागोमाग जिन्यापर्यंत गेले.

"अहो सर, झालं काय?"

"'इतर' हा गट नसतो ताई. 'इतर' म्हणजे आपण विचार करायचा सोडून दिला, याची पावती. उंदराच्या पिंजऱ्याला या जगात कुठंच जागा नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला? उद्या सासरच्यांनी तुम्हाला 'इतर' म्हटलं तर?"

"म्हणतातच."

ते जिन्यात थांबले. माझ्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांना हसू आलं. परत वर आले आणि संध्याकाळपर्यंत बसून पिंजऱ्यापासून मखरापर्यंत सगळ्यांना घरं मिळवून दिली. घुंगरांसाठी त्यांनी 'जनावरांचे दागिने' असा गट केला. त्याला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक मिळालं, हे मला कबूल करावंच लागेल.

पुढं जे झालं ते साबणापासून सुरू झालं. ॲपवर अचानक 'साबण' नावाचे तीन गट दिसायला लागले. एकात अंगाचे, एकात कपड्यांचे, एकात दोन्ही. सरांनी शोध लावला. एकात मी 'साबन' लिहिलं होतं. दुसरा बरोबर होता. तिसराही दिसायला बरोबरच होता, पण शेवटच्या अक्षरामागं एक रिकामी जागा सुटली होती. माझा अंगठा कीबोर्डाच्या त्या लांब पट्टीवर विसावा घेतो, ही सवय आहे माझी. माणसाला ती जागा दिसत नाही, पण खिडकीतल्याला दिसते. त्याच्या दृष्टीनं ते दोन वेगळे साबण.

सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांनी एक नियम बनवला आणि तो आपल्या हातानं प्रोग्रॅममध्ये घातला. यापुढं कुणीही गटाचं नाव टाकलं, की आधी मागच्यापुढच्या रिकाम्या जागा छाटायच्या. मग खिडकीला विचारायचं, या नावाचा गट आहे का? असेल, तर नवा बनवायचा नाही, नवा माल त्याच जुन्या गटात जाईल. "एका नावाचा एकच गट!" असं त्यांनी जाहीर केलं. त्या दिवशी खालून मिसळ मागवली, आणि पाव कोणत्या गटात यावर वाद न घालता खाल्ली. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आता आमच्याकडं 'औषध' हा शब्द कसा चालतो, ते सांगायला हवं. माणसाला खोकला झाला की औषध. टोमॅटोवर करपा आला तरी औषध. नवरा सकाळी "औषध आणायला चाललो" म्हणाला, तर घरात कोण आजारी आहे असं मी विचारत नाही, कोणत्या वावरात मारायचंय ते विचारते. आणि हाच शब्द कुणी आवाज खाली आणून उच्चारला, 'अमक्यानं औषध घेतलं' असं म्हटलं, की अंगावर काटा येतो. सगळ्यांना तिन्ही अर्थ ठाऊक असतात. बोलताना कधी घोटाळा होत नाही, कारण समोर माणूस असतो, त्याचा चेहरा असतो. ॲपला कुठला चेहरा?

औषधांचा गट आधीपासून होता. त्यात बाम, ओव्याचा अर्क, बाळगुटी, बाळांसाठी पोटदुखीचं पाणी असलं सगळं. मग ओतूरकडचं एक कृषी सेवा केंद्र आमच्यात आलं. त्या दुकानदारानं आपला माल बोलून पाठवला. "लिहा, औषधं. किड्याचं औषध, करप्याचं औषध, तांबेऱ्याचं औषध…" त्याला ती नावं तशीच ठाऊक, गिऱ्हाइकालाही तशीच. गटाचं नाव 'औषधं'. सरांच्या नियमानं खिडकीला विचारलं, आहे का? खिडकीनं सांगितलं, आहे. झालं. एका नावाचा एकच गट. तो सगळा माल बाळगुटीच्या शेजारी जाऊन बसला. फोटो अजून आले नव्हते. नुसती नावं, एकाखाली एक. ना ते आमच्यातल्या कुणाला खटकलं, ना सरांना. नियम चालला होता, म्हणून ते उलट समाधानात होते.

एका दुपारी चहा पीत होतो. आणे गावाकडं माल घेऊन जाणाऱ्या जीपवाल्याचा फोन आला. त्यानं आधी नेहमीसारखं रस्त्याला शिव्या घातल्या. मग म्हणाला, "अन् काय ओ म्याडम, त्या आण्याच्या आजीच्या पिशवीत औषधाची बाटली अन् बारक्या पोराचं टोपडं एकत्र कशापायी भरलंत? सगळ्या टोपड्याला वास लागला ना! आजी माझ्यावरच वरडली."

फोन स्पीकरवर होता. सरांनी कप खाली ठेवला. "कसलं औषध?"

"किड्याचं."

"पिकाचं?"

"मला काय म्हाईत? बाटली हाय बारकी."

सर उठून उभे राहिले. मग पुन्हा बसले आणि ॲप उघडलं. 'औषधं' दाबलं. बाळाच्या पोटदुखीचं पाणी, बाळगुटी, किड्याचं औषध, करप्याचं औषध. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. आमच्याकडं लहान पोराचं पोट दुखायला लागलं की आजी काय म्हणते, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. 'पोटात किडे झाल्यात.'

"जीप फिरवा," सर फोनवर ओरडले.

"आवो सर, पिशवी देऊन पार टाकळीच्या पुढं आलोय मी! पाशिंजर हायेत!"

आजीच्या नंबरावर फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आण्यातल्या एका दुकानदाराला लावला, तर तो म्हणाला, त्यांचं घर लांब मळ्यात आहे, कुणी मिळालं तर धाडतो. त्याच्या 'तर'वर विसंबून राहणं शक्य नव्हतं. सरांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि मला म्हणाले, "ताई, तुमची गाडी."

एरवी ते माझ्या स्कुटीवर कधी बसले नसते. त्या दिवशी बसले. तरी आमच्या दोघांच्या मध्ये लॅपटॉपची पिशवी उभी धरली होती. रस्ताभर माझ्या मानेमागं त्यांचा पुटपुटल्याचा आवाज तेवढा येत होता. मी पुढून आण्याच्या देवाला नारळ बोलले. घाटात एक ट्रक आडवा लागला, तेव्हा मात्र ते मोठ्यानं म्हणाले, "मी केलं ते, ताई. तो नियम माझा." मी म्हटलं, "आधी बघू तर," आणि गाडी ट्रकच्या कडेनं अशी काढली की लग्नाआधीची माझी सगळी वर्षं डोळ्यांपुढून गेली.

पठारावर वारं नुसतं भणाणत होतं. विचारत विचारत मळ्यात पोचलो. घरापुढं आजी बसून बाजरी पाखडत होत्या. मी गाडी स्टँडवर लावायच्या आत सर उतरून पुढं झाले होते.

"आजी, ती औषधाची बाटली आली ना? कुठं आहे?"

आजींनी सूप थांबवलं. आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. "आली की. टोपड्याला वास मारतोय, ते बगायला आलात व्हय?"

"औषध दिलं का?"

"दिलं की मगाशीच."

सरांनी ओट्याचा खांब धरला. "किती दिलं?"

"झाकानभर."

"झाकणभर!" सरांचा आवाज चिरकला. "काय झालं मग? उलटी झाली का? झोपलंय का? डोळे उघडतंय का?"

"आवं कोन डोळं उघाडतंय?"

"बाळ!"

आजींनी सूप खाली ठेवलं. "पावणं, उनाचं आलात, पानी प्या जरा. झाकानभर औषध पंपात टाकलं अन् वांग्याव मारलं. वांग्याला लई कीड पडलीया. औषध वांग्याला अन् टोपडं बाळाला. का टोपडंबी वांग्यालाच घालू?"

मी मटकन ओट्यावर बसले. सर उभेच होते. मग त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "तरी बाळ दाखवा."

"निजलंय ते."

"लांबून बघतो. हात नाही लावत."

आत झोळीत बाळ होतं. घोड्यासारखं धडधाकट. सर वाकून त्याच्या पोटाकडं बघत राहिले. वर खाली, वर खाली. तेवढ्यात बाळ जागं झालं, आणि डोक्यावर एक परकं तोंड बघून त्यानं असं काही भोकाड पसरलं की वांग्यातले उरलेसुरले किडे पळाले असतील. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "काय दम आहे! काय दम आहे आवाजात!" असं मला पुन्हा पुन्हा सांगत होते. सून चुलीपुढून उठून आली. तिला वाटलं, पुण्याहून कुणी नातेवाईक आलेत आणि बाळ बघून गहिवरलेत.

सगळं ऐकल्यावर तीच हळूच म्हणाली, "पन खरं सांगू का सर? त्याच्या पोटाचं बी मागवायचं व्हतं मला. वर-खाली एकाच जागी सगळं. कोनतं त्याचं अन् कोनतं वांग्याचं, मला काय नीट उमगंना. फोटू बी नव्हता. मंग म्हनलं, नको, डॉक्टरकडंच जाऊ."

हे ऐकल्यावर सरांचं हसणं थांबलं. "आत्ता कुणीतरी दुसरं तेच बघत असेल," ते म्हणाले. "रेंज कुठं येते?"

"सलाबवर. कोपऱ्यात, टाकीपाशी."

त्यांनी माझा फोन घेतला आणि शिडीनं वर गेले. टाकीला टेकून बसले, लॅपटॉप उघडला. आमच्याकडची रेंज म्हणजे काय ते मी सांगायला नको. एक काडी यायची, जायची. खाली आजी, सून, बाळ आणि मी, सगळे माना वर करून उभे. एवढ्या वाऱ्यातही त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"काय करत्यात ते?" आजींनी विचारलं.

"गट वेगळे करतायत, आजी."

आजी तटकन वळल्या. "बाई, त्यांना म्हनावं, ह्या गावात न्हाई! आमच्यात आदीच दोन हायेत, अन् दोनानंच लई झालंय."

वरून सरांचा आवाज आला, "वेगळे उद्या करतो. आज अख्खा गटच झाकतो!" मग बराच वेळ काही नाही. नुसतं वारं. मग "गेलं!" आणि पुन्हा काही नाही. शेवटी ते टाकीपाशी उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून आम्हाला दाखवले, कबड्डीत शेवटचा गडी बाद केल्यासारखे. 'औषधं' हा गट ॲपवरून नाहीसा झाला होता. बाळगुटीसकट सगळा.

आजींनी चहा केला. सरांनी तो मागून घेतला, एकदा नव्हे, दोनदा. परत निघताना आजींनी माझ्या डिकीत वांगी भरायला काढली. सर घाईघाईनं म्हणाले, "आज फवारलेली का?" आजी म्हणाल्या, "काल तोडल्याली हायेत वो. तुमी लई भेदरट माणूस दिसता." ते म्हणाले, "हो आजी. आजपासून."

हे सर आता नाशकाला लेकीकडं असतात, आणि ॲपही मालकांनी दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं. पण त्यांची आठवण निघाली, की मला त्या दुपारपेक्षाही दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. ते माझ्याआधीच ऑफिसात येऊन बसले होते. एकेक बाटलीचं नाव वाचत होते, दुकानदारांना स्वतः फोन करून विचारत होते, "हे माणसाचं का पिकाचं? नक्की? परत सांगा." वस्तू हलवायच्या आधी मलाही विचारायचे, आणि मी 'हो' म्हटलं तरी खालच्या हॉटेलातल्या आचाऱ्याला हाक मारून पुन्हा विचारायचे. 'पिकाची औषधं' असा नवा गट करून त्यांनी तो लांब शेतीच्या अवजारांच्या पोटात नेऊन ठेवला. आपल्या नियमाला त्यांनी आपल्याच हातानं कात्री लावली. ते सगळं जागेवर लागेपर्यंत तो झाकलेला गट त्यांनी झाकलेलाच ठेवला.

आणि तिकडं फोन सुरू झाले. राजुरीहून, निरगुडसरहून, डिंगोऱ्याहून. माणसं चिडलेली. कुणाला बाम हवा होता, कुणाला करप्याचं हवं होतं. मी दोन फोन घेतले, दोन्हीकडून बोलणी खाल्ली आणि रिसीव्हर सरांपुढं सरकवला. एरवी तक्रार म्हटली की ते कावरेबावरे व्हायचे. त्या दिवशी खुर्चीत रेलून बसले. पलीकडचा माणूस एवढ्या जोरात बोलत होता की मला सगळं ऐकू येत होतं.

"आवो सायेब, काय चाललंय काय तुमचं? सकाळधरनं बघतोय, औषध न्हाईच दिसत!"

"नाही दिसत?" सर म्हणाले.

"न्हाई ना! खालनं वर बघितलं, वरनं खाली बघितलं. आख्ख्या ॲपात औषध म्हनून नाय!"

सरांनी डोळे मिटले. रात्रभर जागलेल्या घरात पहाटे ताप उतरल्याचं कुणी सांगावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"पुन्हा एकदा सांगा, भाऊ," ते म्हणाले. "सावकाश सांगा."